सतरंजी रिकामी झाली तेव्हा

आज आम्ही तुम्हाला एका बँकेची गोष्ट सांगणार आहोत. बँक आपल्याकडची नाही, शेजारच्या बांगलादेशातली आहे. पण ऐकताना तुम्हाला आपल्याच गटाचं इतिवृत्त वाचल्यासारखं वाटेल. प्रश्न एकच आहे. चांगली चाललेली, नाव कमावलेली संस्था अडखळली, तर माणसं बदलायची की नियम? आणि नियम बदलायचे म्हटलं, तर कुठले बदलायचे आणि कुठल्यांना हात लावायचा नाही?

आधी आमच्याकडचं थोडं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आम्ही तेव्हा नदीकाठच्या गटांचं काम बघत होतो. पाणी उतरलं, घरातला गाळ उपसून झाला, आणि बैठक लावली. बारा जणींच्या एका गटात पाच जणी आल्या. पुढच्या वेळी चार. आम्ही काय केलं? नियम वाचून दाखवला. गैरहजर राहिली तर दहा रुपये दंड, हप्ता चुकला तर आणखी दंड. वही उघडून नावापुढं दंड मांडतही गेलो. दंडानं कुणी बैठकीला आलं नाही. उलट जी बाई रस्त्यात भेटायची, ती आम्हाला बघून दुसऱ्या बोळात वळायला लागली.

त्याच दिवसांत एका प्रशिक्षणात आमच्या कानावर ग्रामीण बँकेची गोष्ट आली. महंमद युनूस, छोटं कर्ज, नोबेल पारितोषिक, एवढं आम्हाला ठाऊक होतं. मधली गोष्ट ठाऊक नव्हती. ती अशी.

१९७४ मध्ये बांगलादेशात मोठा दुष्काळ पडला. युनूस तेव्हा चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत होते. विद्यापीठाच्या शेजारी जोबरा नावाचं गाव होतं. तिथं सुफिया बेगम नावाची बाई बांबूचे मोडे विणायची. बांबू घ्यायला तिच्याकडं पैसे नसायचे. व्यापारी बांबू द्यायचा आणि तयार मोडा त्याच्याच भावानं उचलायचा. दिवसभर विणून तिच्या हाती अर्धा टका पडायचा. अशी गावात किती माणसं आहेत याची यादी केली, तर ४२ निघाली. त्या सगळ्यांना मिळून लागणारी रक्कम होती फक्त ८५६ टका. युनूस यांनी ती खिशातून दिली. ही १९७६ ची गोष्ट. पुढं टांगाईल जिल्ह्यात काम वाढलं आणि १९८३ मध्ये सरकारी अध्यादेशानं ग्रामीण बँक ही स्वतंत्र बँक झाली. बँकेची बहुतेक मालकी कर्जदारांकडं, आणि कर्जदार जवळजवळ सगळ्या बायका. संचालक मंडळावरच्या तेरा जागांपैकी नऊ जागांवर याच बायका निवडून जायच्या.

तिची पद्धत आपल्या गटाशी मिळतीजुळती होती, पण अगदी तीच नव्हती. आपल्याकडं १९९२ मध्ये नाबार्डनं ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला, त्यात आधी बचत आणि मग कर्ज असा क्रम ठेवला. तिथं पहिल्यापासून जोर कर्जावर. पाच जणींचा एक गट, आणि असे काही गट मिळून एक केंद्र. आठवड्याला केंद्राची बैठक. बँकेचा माणूस सायकलवरून गावात येणार, बायकांनी बँकेच्या दारात जायचं नाही. तारण काही नाही. कर्ज एका वर्षाचं, त्याचे पन्नास सारखे साप्ताहिक हप्ते. पहिला आठवडा असो की पन्नासावा, हप्ता तेवढाच. कर्ज देतानाच त्यातले शेकडा पाच टके कापून गटाच्या निधीत ठेवायचे. तो पैसा बाईला मनाला येईल तेव्हा काढता यायचा नाही.

ही शिस्त नावाजली गेली. तारण न देता बायका पैसे परत करतात, हे जगानं पाहिलं. देशोदेशीची माणसं ते बघायला आली. आणि मैत्रिणींनो, इथंच पहिली गोम आहे. एखाद्या नियमाचं फार कौतुक झालं, की तो नियम कशासाठी केला होता हे विसरायला होतं. पन्नास सारखे हप्ते का ठेवले? निरक्षर बाईला हिशेब सोपा पडावा आणि बँकेच्या माणसाला चार गावं उरकता यावीत म्हणून. ती एक सोय होती. पण वीस वर्षांत ती देव्हाऱ्यात जाऊन बसली.

पहिला धक्का बसला १९९५ मध्ये. पुष्कळ केंद्रांतल्या बायका बैठकीला यायच्या बंद झाल्या, हप्ते थांबले. बँकेचं म्हणणं होतं की त्यांच्या नवऱ्यांनी आणि गावातल्या पुढाऱ्यांनी त्यांना उठवून बसवलं. तसं असेलही. पण मागणी काय होती ती ऐका. गटनिधीत अडकलेला आमचा पैसा आम्हाला काढू द्या. ही मागणी कुणीही शिकवलेली असो, ती चुकीची होती का? स्वतःच्या घामाचा पैसा अडचणीत हाती येत नसेल, तर त्याला बचत म्हणावं की कापणी? बँकेनं अखेर नियम सैल केला. पण तोवर बऱ्याच केंद्रांची सवय मोडली होती. आपणही हे बघतो. एकदा सलग चार बैठका बुडाल्या, की पाचवीला यायला पाय उचलत नाही.

दुसरा धक्का १९९८ चा महापूर. बांगलादेशाला पूर नवा नाही, पण त्या वर्षी देशाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याखाली गेला, आणि पाणी दोन महिन्यांहून जास्त काळ हटलं नाही. घरं गेली, जनावरं गेली, बियाणं गेलं. ग्रामीण बँक मदतीला धावली. काम पुन्हा सुरू करायला नवं कर्ज दिलं, घर उभं करायला कर्ज दिलं. हेतू चांगलाच होता. पण हिशेब मांडा. जुन्या कर्जाचा हप्ता आहेच, त्यावर धंद्याच्या नव्या कर्जाचा, त्यावर घराच्या कर्जाचा. बुडालेल्या म्हशीचा हप्ता, नव्या म्हशीचा हप्ता आणि गोठ्याचा हप्ता, तिन्ही एकाच आठवड्यात. दूध मात्र एकाच म्हशीचं. बायकांनी ओढून बघितलं. मग एकेक करून बैठकीला यायच्या थांबल्या.

जुन्या पद्धतीत अशा बाईसाठी जागाच नव्हती. ती एकतर पूर्ण हप्ता भरणारी, नाहीतर थकबाकीदार. अर्धा हप्ता घेऊन आली तरी ती दोषीच. कागदावर एकीच्या कर्जाला दुसरी जामीन नव्हती, पण एकीचं थकलं की बाकीच्यांच्या पुढच्या कर्जाला खोळंबा व्हायचा. त्यामुळं शेजारणीच तिच्या अंगावर जायच्या. मग तिनं केंद्रात यावं तरी कशाला? ती घरी बसली, आणि घरी बसलेल्या बाईला परत आणायला बँकेकडं रस्ता नव्हता.

२००१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या मोठ्या वर्तमानपत्रानं बातमी छापली, की गरिबांना कर्ज द्यायची वाट दाखवणारी ही बँक वसुलीत अडकली आहे. ज्या टांगाईलमध्ये काम पहिल्यांदा फोफावलं, तिथलीही वसुली खालावली होती. जगभर जिचं नाव, त्या संस्थेला हे किती लागलं असेल, विचार करा.

अशा वेळी चालकांसमोर तीन वाटा असतात. पहिली, कडक व्हायचं. वसुलीला जास्त माणसं पाठवायची, दारात बसायचं. दुसरी, माफ करून टाकायचं. लोक खूश होतात, पण इतकी वर्षं नेमानं भरणाऱ्या बाईला वाटतं, आपणच वेड्या ठरलो. आणि पुढचं कर्ज कुणीच फेडत नाही. तिसरी वाट अवघड. आपण घडवलेल्या, आपल्याला मान मिळवून दिलेल्या नियमाकडं बोट दाखवून म्हणायचं, की चूक इथं आहे.

ग्रामीण बँकेनं तिसरी वाट धरली, आणि तीही बातमी छापून यायच्या आधीपासून. २००० मध्येच नव्या पद्धतीची आखणी सुरू झाली होती. लोक तिला पुढं ‘दुसरी ग्रामीण’ म्हणू लागले.

काय ठेवलं आणि काय सोडलं, हे नीट बघू. ठेवलं ते असं. कर्ज गरीब बाईलाच. तारण नाही. बँक गावात येणार. बैठक होणार. आणि घेतलेलं कर्ज फेडायचंच. या पाच गोष्टींना हात लावला नाही. बाकीचं बहुतेक सगळं पुन्हा तपासलं.

निरनिराळ्या नावांची डझनावारी कर्जं होती, ती मोडली आणि एक मुख्य कर्ज ठेवलं. त्याला ‘सहज ऋण’ म्हणतात. त्याची मुदत तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत ठरवता येते. हप्ता दर आठवड्याला सारखाच हवा असं नाही. हंगामात मोठा आणि पावसाळ्यात लहान, असं आधी बोलून लिहून घेता येतं. प्रत्येक बाईची कर्जाची मर्यादा वेगळी. ती नियमित असेल तर मर्यादा वाढत जाते. सहा महिने नीट भरलं, तर जेवढं फेडलं तेवढं पुन्हा उचलता येतं.

आणि ओढाताण झालीच तर? तर तिचं कर्ज ‘चुक्ती ऋणा’त जातं. चुक्ती म्हणजे बंगालीत करार. बाई आणि बँक बसून नवा करार करतात, मुदत वाढवतात, हप्ता लहान करतात. युनूस ते समजवायला रस्त्याचं उदाहरण द्यायचे. सहज ऋण हा हमरस्ता. पुढं रस्ता खचला असेल, तर बाजूच्या कच्च्या वाटेनं जायचं, आणि पुढं पुन्हा हमरस्त्याला लागायचं. कच्च्या वाटेनं वेग कमी होतो, पण गाडी गावाला पोहोचते. जुन्या पद्धतीत रस्ता खचला की गाडी खड्ड्यात जायची.

ही कच्ची वाट फुकट नव्हती, हेही सांगायला हवं. चुक्तीत गेलेल्या बाईची कर्जमर्यादा एकदम खाली येई. हमरस्त्यावर आल्यावर ती पुन्हा पायरी पायरीनं वर चढायची. बँकेलाही किंमत होती. असं कर्ज बुडू शकतं असं धरून त्याच्या निम्म्या रकमेची तरतूद हिशेबात करावी लागे. म्हणजे सवलत दिली, पण आकडे झाकले नाहीत. आमच्या मते ही फार मोलाची गोष्ट आहे. आपल्या कित्येक वह्यांत थकबाकी लपवायला जुनं कर्ज फेडलं असं दाखवून त्याच दिवशी नवं कर्ज मांडलेलं असतं. वही सुंदर दिसते, आणि गट आतून पोखरत जातो.

१९९५ च्या भांडणाचं उत्तरही आता दिलं गेलं. गटनिधी बंद झाला. त्याऐवजी प्रत्येकीचं स्वतःचं बचत खातं, त्यातला पैसा हवा तेव्हा काढायची मुभा. ८,००० टक्यांवर कर्ज घेणाऱ्या बाईनं दरमहा निदान ५० टके निवृत्तीच्या ठेवीत टाकायचे. दहा वर्षांत तिचे ६,००० टके जमा होतात आणि हाती जवळजवळ दुप्पट येतात. शिवाय कर्जाच्या विम्याची सोय केली. कर्जदार बाई वारली, तर उरलेलं कर्ज त्या निधीतून फिटायचं, मुलांच्या डोक्यावर यायचं नाही. पोरांच्या शिक्षणाला वेगळं कर्ज. आणि ज्या बाया भीक मागून जगतात, त्यांना बिनव्याजी रक्कम. त्यांच्यावर भीक सोडायचीही सक्ती नाही. भीक मागायला जाल तेव्हा सोबत बांगड्या, खाऊ, खेळणी विकायला न्या, एवढंच सांगणं. सगळ्यांसाठीचे नियम त्यांना लावलेच नाहीत.

नियम कागदावर बदलणं सोपं. तेव्हा बँकेच्या ११७५ शाखा होत्या, बारा हजारांच्या आसपास कर्मचारी, आणि सुमारे २४ लाख कर्जदार. कर्मचाऱ्यांची आयुष्यं जुन्या पद्धतीत गेली होती. पन्नास सारखे हप्ते त्यांना तोंडपाठ. त्यांना आता प्रत्येक बाईशी बसून बोलायचं होतं, की तुझ्या घरी पैसा कधी येतो आणि कधी आटतो. म्हणून एका रात्रीत सगळीकडं फतवा काढला नाही. प्रशिक्षणं घेतली, फॉर्म बदलले, वह्या बदलल्या, आणि एकेक शाखा नव्या पद्धतीवर नेली. शेवटची शाखा ७ ऑगस्ट २००२ ला आली. तोवर जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालली.

कामाची मोजदादही बदलली. शाखेला तारे मिळू लागले, प्रत्येक रंगाचा अर्थ वेगळा. पूर्ण वसुलीचा हिरवा तारा, नफ्याचा निळा. ठेवी कर्जापेक्षा वाढल्या तर जांभळा. सगळ्या कर्जदारांची मुलं शाळेत असतील तर तपकिरी. आणि सगळी घरं गरिबीतून वर आली असतील तर लाल. याचा अर्थ ओळखलात ना? पाचांपैकी वसुली हा एकच तारा. आपण ज्याची मोजणी करतो, तिकडंच माणूस धावतो. फक्त वसुली मोजली तर तो फक्त वसुलीलाच धावणार.

आणि आम्हाला सगळ्यात भावलेली गोष्ट अशी. नवी पद्धत घेऊन कर्मचारी आधी जुन्या, सोडून गेलेल्या बायकांच्या दारी गेले. त्यांचं थकलेलं कर्ज चुक्तीत बसवून देऊ, फेडता येईल असा हप्ता ठरवू, परत या, असं सांगायला. ज्यांची नावं वर्षानुवर्षं लाल शाईत होती, त्यांतल्या पुष्कळ जणी परत आल्या.

पुढं काय झालं? २००६ च्या अखेरीला कर्जदारांची संख्या ६९ लाखांच्या घरात गेली. बायकांच्या आणि गावकऱ्यांच्या ठेवी वाटलेल्या कर्जापेक्षा वाढल्या, म्हणजे बाहेरच्या देणगीची गरज उरली नाही. त्याच वर्षी शांततेचं नोबेल पारितोषिक युनूस आणि ग्रामीण बँक यांना मिळून जाहीर झालं. बँकेच्या वतीनं ते घ्यायला ओस्लोच्या व्यासपीठावर उभी राहिली तस्लिमा बेगम, कर्जदारांतून निवडून आलेली संचालक.

म्हणून सगळं गोड झालं असं आम्ही म्हणणार नाही. मुदत तीन महिने ते तीन वर्षं असं लिहिलं, तरी प्रत्यक्षात बहुतेक कर्जं वर्षाचीच राहिली. तिथल्या बायका एकाच वेळी तीन-तीन संस्थांची कर्जं घेऊ लागल्या, तो ताण वेगळाच. बँकेच्या माणसावर वसुलीचा दाब असतो, आणि तो दाब शेवटी दारात उभ्या असलेल्या बाईवर येतो. नियम बदलला तरी मनाची सवय हळूच जुन्या जागी येऊन बसते. म्हणून बदल एकदा करून भागत नाही, त्यावर राखण ठेवावी लागते.

आता परत आपल्या सतरंजीकडं येऊ. प्रशिक्षणाहून आल्यावर आम्ही त्या गटाच्या आलेल्या चौघींना घेऊन बसलो आणि पंचसूत्री काढली. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब. ही आपली पाच सूत्रं, यांना हात लावायचा नाही. मग वहीतले बाकीचे नियम काढले. दहा रुपये दंड सूत्रात आहे का? नाही, तो आम्हीच घातलेला. सगळ्यांचा हप्ता सारखा, हे सूत्रात आहे का? तेही नाही. महिन्याच्या पाच तारखेलाच बैठक, ज्या दिवशी ऊसतोडीच्या बायकांचा पगार झालेला नसतो? तीही आमचीच सोय. ती वही बघताना आम्हाला आमचीच लाज वाटली. बायका बैठकीपासून पळत नव्हत्या, आम्ही मांडलेल्या दंडापासून पळत होत्या.

मग दारोदार गेलो, पण वही न नेता. पहिला प्रश्न पैशाचा विचारला नाही. पुरात काय गेलं, एवढंच विचारलं. पुढच्या बैठकीत ठराव लिहिला. पुराच्या काळातला दंड रद्द. मुद्दल माफ नाही, व्याजही माफ नाही. पण ज्यांची जनावरं किंवा पीक गेलं, त्यांची मुदत वाढवायची, हप्ता त्यांनीच सांगायचा, आणि सगळ्यांसमोर लिहायचा. वाढीव मुदत चालू असेतो नवं कर्ज नाही. नेमानं भरणाऱ्या चौघींना आधी विचारलं, कारण त्यांना अन्याय वाटला असता तर ठराव टिकला नसता. त्यांतली एक म्हणाली, “आज तिच्यावर आलंय, उद्या माझ्यावर येईल. लिहा.”

गेलेल्या आठ जणींपैकी सहा परत आल्या. दोघी आल्या नाहीत. त्यांतली एक गाव सोडून गेली. दुसरी अजून गावातच आहे आणि आमच्याशी बोलत नाही. तिच्या दारात त्या पहिल्या महिन्यात आम्ही चढ्या आवाजात बोललो होतो, ते ती विसरलेली नाही. नियम दुरुस्त करता येतो, बोललेलं परत घेता येत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत सतरंजी अंथरली की किती जणी आल्या हे मोजाच, पण जी आली नाही तिची जागा आधी बघा. तिच्या नावापुढं दंड मांडण्याआधी तिच्या घरी जाऊन या. आणि वहीतल्या प्रत्येक नियमाला एकदा विचारा, बाबा रे, तू सूत्र आहेस की आमची सोय?